पहिला चमकणारा रंग करताना

अतिनील दिव्याखाली चमकणारा रंग करायचा, तर पहिल्याच खेपेला पेरिलीनला, म्हणजे अणूंची पाच वलयं एकमेकांना चिकटलेल्या रंगाला, हात घालायचं म्हणतोस, पण थोडं थांब. आधी दोनच चिकटलेल्या वलयांचं, कूमारिन जातीचं संयुग कर. रिसॉर्सिनॉल, इथाइल ॲसिटोॲसिटेट आणि गंधकाम्ल. पेकमन या रसायनशास्त्रज्ञाची ही 1883 ची रीत नवख्याच्या हातालाही साधते. सांगलीच्या एप्रिलात बर्फ मात्र भरपूर जमव. पहिल्या दोघांचं मिश्रण आम्लात थेंबथेंब सोड आणि 10 अंशांखाली ठेव. चष्मा, हातमोजे घातल्याशिवाय बाटली उघडू नकोस.

नवे लोक बहुतेक याच चुका करतात:

- कच्चा पदार्थच मोजायला घेतात. अल्कोहोलमधून पुन्हा स्फटिक काढ, टीएलसीवर (पातळ थराच्या पट्टीवर पदार्थ वेगळे करून शुद्धता बघायची चाचणी) एकच ठिपका दिसू दे.
- द्रावण दाट करतात. ही चूक माझ्याकडूनही झाली आहे. रंग वाढवला तशी चमक वाढायच्या ऐवजी मंदावली, आणि मला वाटलं रंगच बिघडला! खरं तर पुढच्या थरातले रेणूच सगळा प्रकाश गिळत होते. प्रतिदीप्ती (ही चमक) मोजताना शोषणांक, म्हणजे द्रावण किती प्रकाश शोषतं त्याचं माप, 0.1 च्या खाली ठेव.
- 300 नॅनोमीटरखालच्या तरंगलांबीला साध्या काचेची क्युव्हेट (द्रावण मोजायची छोटी चौकोनी नळी) वापरतात. तिथे क्वार्ट्झच हवी.

पदार्थ शुद्ध झाला की कणभर पाण्यात घाल, सौम्य सोडा द्रावणाचा एक थेंब टाक आणि 365 नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली धर. निळा उजेड उसळतो. सोड्यामुळे रेणूतल्या हायड्रॉक्सिल (OH) गटाचा प्रोटॉन सुटला, की शोषण 320 नॅनोमीटरच्या आसपासून 360 कडे सरकतं. हे स्वतः मोजून आलेख काढ.

आपल्या हळदीचा स्पिरिटमधला अर्कही शेजारी ठेवून बघ. तो हिरवट चमकतो, पण त्यातल्या कर्क्युमिन या पिवळ्या रंगद्रव्याची वलयं एकमेकांना चिकटलेली नसतात, मधे साखळी असते. पेरिलीनचं त्यानंतर बोलू.