ट्यूबलाइटखालचा लाल-काळा किडा: चावत नाही, पण चिरडू नका

ताई, चिपळूणजवळच्या तुमच्या घरी रात्री ट्यूबलाइटखाली मुंगीसारखे लाल-काळे किडे येतात, मुलाच्या मानेवर भाजल्यासारखा पट्टा उठलाय, शेजारी नागीण म्हणतायत, आणि घरामागच्या भातावर औषध मारू का, असं तुम्ही विचारलंय. आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो: मारू नका. का, ते खाली लिहितो.

तुम्ही पाठवलेल्या फोटोतला किडा मुंगी नाही, भुंगेरा आहे. पीडेरस त्याचं नाव. डोकं काळं, छाती नारिंगी, मग निळसर चमकणारा आखूड तुकडा, पुढे नारिंगी पोट आणि शेपटीचं टोक परत काळं. लांबी सेंटिमीटरभरसुद्धा नाही. तो चमकणारा तुकडा म्हणजे त्याचे पुढचे कडक पंख. हुमणीच्या भुंगेऱ्याचे पंख सगळी पाठ झाकतात, याचे मात्र बंडीसारखे वरच राहतात आणि पोट उघडं पडतं. उडायचे लांब पंख त्या इवल्या झाकणाखाली घडी करून ठेवलेले असतात. एकदा पेल्याखाली धरून भिंगातून बघा. दिव्यावरून खाली उतरला की शेपूट पाठीवर वाकवतो आणि त्या टोकाने पंख एकेक घडी घालत आत सारतो, निऱ्या खोचाव्यात तसे. याच्याच कुलातल्या, म्हणजे नात्यातल्या किड्यांच्या मोठ्या गटातल्या, एका किड्याचे वेगवान कॅमेऱ्याने चित्रण केले, तेव्हा डाव्या आणि उजव्या पंखाच्या घड्या वेगवेगळ्या पडतात असं दिसलं. मी स्वतः हे तासभर बघत बसलोय.

आता मुलाच्या मानेबद्दल. हा किडा चावत नाही, डंखही मारत नाही. त्याच्या रक्तात पेडेरिन नावाचं विष असतं. झोपेत मानेवर वळवळलं, आपण हात फिरवला, किडा चिरडला, की ते विष हात जाईल तसं पसरतं. म्हणून चट्टा गोल नसतो, रेघेसारखा लांब असतो. कोपराच्या घडीत झालं तर समोरासमोर दोन जुळे डाग उठतात. आणि तो लगेच उठत नाही, बहुधा एक-दोन दिवसांनी दिसतो. त्यामुळे किडा कोणत्या रात्रीचा हे कुणाच्या लक्षात राहत नाही आणि निदान चुकतं. आमच्याच घरात भावाला नागीण समजून आठवडाभर औषध दिलं होतं. मुलाला त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा आणि किड्याचा फोटो सोबत न्या. तोच हात डोळ्याला लागला असेल तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

पुन्हा अंगावर दिसला तर फुंकर मारून उडवा किंवा कागदावर चढवून बाहेर सोडा. चुकून चिरडलाच तर ती जागा आणि हात लगेच साबण-पाण्याने धुवा. संध्याकाळी खिडक्यांना बारीक जाळी, ओटीवर पांढऱ्याऐवजी पिवळा दिवा, झोपताना मच्छरदाणी आणि अंथरूण झटकणं, एवढं पुरतं.

हे विष किड्याचं स्वतःचं नाही, हे मला सगळ्यात विलक्षण वाटतं. मादीच्या शरीरात राहणारे जिवाणू ते बनवतात. मादी ते अंड्यांत उतरवते आणि त्यामुळे लांडगा-कोळी नावाचे शिकारी कोळी तिच्या अळ्यांना तोंड लावत नाहीत. म्हणजे तुमच्या मुलाला भाजलं ते अळ्यांना कोळ्यांपासून वाचवणारं संरक्षण.

आणि हाच किडा भाताच्या खाचरात तुमच्या बाजूने काम करतो. दिवसा भाताच्या चुडांत फिरत तो भाताचा रस शोषणाऱ्या तपकिरी तुडतुड्यांची पिल्लं, किडींची अंडी, लहान अळ्या खातो. सरसकट मारा करणारं औषध फवारलं की आधी असे मित्रकीटक आणि कोळी मरतात. तुडतुड्यांची अंडी मात्र पानाच्या आवरणात सुरक्षित राहतात आणि काही आठवड्यांत तुडतुडे पहिल्यापेक्षा जास्त होतात. आशियातल्या भातशेतीने हे १९७० आणि ८० च्या दशकांत फार महागात शिकलंय.

तुम्ही सहज विचारलंय की असे आखूड पंखांचे किडे अजून असतात का. अहो, पीडेरस म्हणजे त्या घरातलं एकच माणूस! स्टॅफिलिनिडी हे त्याचं कुल. त्यात ६० हजारांहून जास्त जातींची नोंद झालीय. जगातले सगळे पक्षी धरले तरी ११ हजारांच्या आसपास जाती भरतात. आपल्याकडच्या जातींवर माल्कम कॅमेरॉन या ब्रिटिश नौदलातल्या डॉक्टरने १९३० ते १९३९ मध्ये खंडच्या खंड लिहिले, ओळख पटवायला ते आजही उघडावे लागतात. वर्गीकरण मात्र तेव्हापासून खूप हललंय. मुंगीएवढे, गोंड्यासारख्या मिशांचे सेलॅफिनी आधी वेगळं कुल होतं, १९९५ मध्ये ते याच कुलाचं उपकुल ठरलं. २००९ मध्ये सिडमेनिनी या आणखी एका वेगळ्या कुलाचंही तेच झालं. सगळ्यात मोठं उपकुल अॅलिओकॅरिनी, आणि ओळखायला सगळ्यात अवघडही तेच. तिथे माझाही धीर सुटतो.

बघायचे असतील तर दिवा लावून बसायची गरज नाही. गुरं चरतात तिथला दोन-तीन दिवसांचा शेणाचा पो काडीने उलटा. काळे, चपळ, शेपूट उचलून पळणारे दिसतील ते माश्यांच्या अळ्या खायला आलेले असतात. अॅलिओकॅरा नावाच्या गटातली अळी तर माशीच्या कोशाला भोक पाडून आत शिरते आणि आतल्या माशीवरच वाढते. वाळवीच्या वारुळात राहणाऱ्या काही जातींचं पोट इतकं फुगतं की वरून बघताना वाळवीच वाटावी. ओढ्याकाठी स्टीनस शोधा, मोठ्या डोळ्यांचा आणि काडीसारखा. पाण्यात पडला की शेपटीतून एक द्रव सोडतो, त्याच्या मागच्या पाण्याच्या पृष्ठभागाचा ताण कमी होतो आणि तो पाय न हलवता सुळकन काठाला लागतो.

शेण उलटल्यावर काही सापडलं तर पांढऱ्या कागदावर, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून, वरून आणि बाजूने असे दोन फोटो टाका. मिशा आणि पायांची टोकं स्पष्ट येऊ देत. नारिंगी-काळा असला तर मात्र हात लावू नका, काडीनेच कागदावर घ्या.