पहिलं पिस्तूल: भावाला नको, हाताला विचारा

(आमच्या स्तंभलेखिकेने तीस वर्षं रेंजवर नवख्यांना नेमबाजी शिकवली आहे. ‘दुसऱ्याने निवडून दिलेलं शस्त्र घेऊ नका’, असं त्यांनी मागच्या अंकात लिहिलं होतं. त्यावर आलेली काही पत्रं आणि त्यांची उत्तरं.)

ताई, माझं वय ४१, एकटी राहते. परवाना हातात आला आहे. भाऊ म्हणतो, पाच गोळ्यांचं छोटं, हलकं रिव्हॉल्व्हर घे. पर्समध्ये मावतं, कधी अडकत नाही, बायकांना तेच बरं. दुकानदारही तेच म्हणाला. घेऊ का?

नका घेऊ. निदान पहिलं म्हणून तरी नको.

हाच सल्ला मला मिळाला होता, जवळजवळ याच शब्दांत, आणि मी तो ऐकला होता. हातात घेतल्यावर इतकं हलकं वाटलं की मी खूश. मग रेंजवर गेले आणि पाच गोळ्या झाडल्या. अंगठा आणि तर्जनीमधल्या बेचकीचं सालटं निघालं, आणि दहा पावलांवरच्या कागदाला एकच भोक पडलं, तेही कोपऱ्यात. घरी येऊन ते खणात टाकलं ते दोन वर्षं तिथेच. त्या दोन वर्षांत मी स्वतःलाच दोष देत होते. मनगटात जोर नाही, मन घट्ट नाही, आपल्याला हे जमायचं नाही. दोष हाताचा नव्हता, वजनाचा होता. ते कळायला मला एक म्हातारे उस्ताद भेटावे लागले. त्यांनी माझं रिव्हॉल्व्हर बाजूला ठेवलं, तीच .३८ स्पेशलची काडतुसं आपल्या पोलादी रिव्हॉल्व्हरमध्ये भरली आणि म्हणाले, “आता मार.” काडतूस तेच, हात तोच. पण सहापैकी पाच गोळ्या तळहाताएवढ्या जागेत बसल्या.

यामागचं गणित सोपं आहे. गोळी जेवढ्या जोराने पुढे जाते तेवढ्याच जोराने शस्त्र मागे येतं. काडतूस तेच ठेवून शस्त्राचं वजन निम्मं केलं, तर हातावर येणारी धक्क्याची ऊर्जा दुप्पट होते. ती हलकी, आखूड नळीची रिव्हॉल्व्हरं सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास असतात, आणि पूर्ण मापाचं पोलादी रिव्हॉल्व्हर किलोभर. म्हणजे ज्याला सगळे ‘नवख्यांचं’ म्हणतात ते खरं तर मुरलेल्या हाताचं शस्त्र आहे.

त्यात चापाची भर. घोडा, म्हणजे काडतुसावर आपटणारा मागचा हातोडा, आधी अंगठ्याने न चढवता रिव्हॉल्व्हरचा चाप ओढायचा तर साधारण पाच किलोचा जोर लागतो. शस्त्र अर्धा किलोही नाही आणि त्याच्या दहा-बारा पट जोर एका बोटाने लावायचा, तर नळी हलणारच. शिवाय नळी आखूड म्हणून नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच यांच्यात अंतर कमी, त्यामुळे केसाएवढी चूक कागदावर वीतभर दिसते.

‘कधी अडकत नाही’ हेही अर्धंच खरं. बंदुकीच्या न जळलेल्या दारूचे कण गोळ्यांच्या फिरत्या सिलिंडरच्या मागच्या चांदणीखाली (रिकामी कवचं बाहेर ढकलणाऱ्या चकतीखाली) शिरले की सिलिंडर फिरता फिरत नाही. फार हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये धक्क्याने पुढच्या काडतुसातली गोळी स्वतःच कवचातून थोडी बाहेर सरकते आणि सिलिंडर अडतं. पिस्तूल अडकलं तर स्लाइड, म्हणजे त्याचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग, एकदा ओढून बहुतेक वेळा मोकळं होतं. रिव्हॉल्व्हर असं अडकलं तर अवजारं घेऊन बसावं लागतं.

मग काय घ्यायचं? मॉडेलचं नाव मी सांगणार नाही, कारण तुमचा हात मी पाहिलेला नाही. पण सुरुवात कुठून करायची ते सांगते: ९ मिलिमीटर व्यासाची गोळी झाडणारं, मध्यम आकाराचं, फायरिंग पिन स्प्रिंगवर ताणून धरणारं, बाहेर घोडा नसलेलं पिस्तूल. याला स्ट्रायकर-फायर्ड म्हणतात. ग्लॉक १९ हा त्याचा सर्वांना माहीत असलेला नमुना. गोळ्या भरल्यावर साडेआठशे ग्रॅमच्या आसपास भरतो आणि त्याच्या चापाला अडीच किलोच्या आसपास जोर लागतो. त्याच मापाची पिस्तुलं इतर चार कंपन्यांचीही मिळतात आणि मुठीचा आकार प्रत्येकाचा वेगळा असतो. रेंजवर भाड्याने मिळत असतील तर तीन-चार मागवा आणि हाताला विचारा.

हाताला विचारायचं म्हणजे असं. पिस्तूल रिकामं आहे हे उस्तादाला दाखवा, स्वतः बघा. मूठ बेचकीत शक्य तितकी वर बसवा, म्हणजे नळी आणि पुढचा हात एका रेषेत येतील. आता सुरक्षित दिशेला धरून तर्जनी चापावर ठेवा. पहिल्या पेराचा मांसल भाग चापावर आला तर माप बरोबर. नुसतं टोक पोचत असेल, किंवा पोचायला मूठ फिरवावी लागत असेल, तर ते पिस्तूल कितीही नावाजलेलं असो, खाली ठेवा. बोट दुसऱ्या पेरापर्यंत आत जात असेल तर मूठ बारीक आहे. काही पिस्तुलांना मुठीच्या मागे बदलता येणारे तुकडे असतात, ते लावून बघायला सांगा. मग प्रत्येकातून पन्नास गोळ्या झाडा. पहिल्या दहा सगळ्यांच्याच बऱ्या जातात. चाळिसाव्या गोळीला तुम्ही डोळे मिटायला लागलात का, ते बघा.

आणि भावाला सांगा, ताईंनी त्यांनाही रेंजवर बोलावलंय.

९ मिलिमीटर की .४५? माझे मित्र म्हणतात, मोठी गोळी म्हणजे एका फटक्यात काम.

हा वाद माझ्या जन्माच्या आधीपासूनचा आहे. ९ मिलिमीटर पॅराबेलम हे काडतूस १९०२ चं, .४५ (हा आकडा गोळीच्या व्यासाचा, इंचात) त्याच्या दोन-तीन वर्षं मागून आलं. साडेसात ग्रॅमची गोळी की पंधरा ग्रॅमची, यावर माणसं अजून भांडतात.

१९८६ मध्ये मायामीत एफबीआयची, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेची, दोन दरोडेखोरांशी चकमक झाली. त्यात दोन एजंट मारले गेले. एका दरोडेखोराला लागलेली ९ मिलिमीटरची गोळी हृदयाच्या थोडी अलीकडेच थांबली आणि तो त्यानंतरही लढत राहिला. खापर काडतुसावर फुटलं. एफबीआय आधी १० मिलिमीटरकडे गेली, ते बऱ्याच जणांच्या हाताला झेपेना. मग १९९० मध्ये आलेल्या .४० कडे वळली. आणि २०१० च्या दशकाच्या मध्यावर पुन्हा ९ मिलिमीटरवर आली! तोपर्यंत गोळीची बनावट सुधारली होती. टोकाला पोकळी असलेली, आत गेल्यावर पसरणारी नवी ९ मिलिमीटर गोळी त्यांच्या चाचणीच्या, मांसासारख्या मऊ जिलेटिनच्या ठोकळ्यामध्ये हव्या त्या १२ ते १८ इंचांत नीट थांबू लागली. धक्का कमी, मॅगझिनमध्ये (मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या डबीत) गोळ्या जास्त आणि नेम सुधारलेला. ज्यांचा धंदाच हा आहे ती माणसं तीस वर्षं फिरून जिथे पोचली, तिथून तुम्ही सुरुवात करा.

मात्र पोकळ टोकाची गोळी सामान्य नागरिकाला सगळीकडे बाळगता येत नाही. आपल्या परवान्यात काय बसतं ते आधी बघा. सराव साध्या, पूर्ण आवरणाच्या गोळ्यांवर करा. पण जी गोळी घरी भरून ठेवणार, तिच्याही निदान शंभर-दोनशे आपल्याच पिस्तुलातून न अडखळता गेल्या पाहिजेत. एखाद्या पिस्तुलाला एखादी गोळी पचत नाही, तसं असतं.

आईचं वय ६६. तिला स्लाइड मागे ओढताच येत नाही. .३८० चं छोटं पिस्तूल सोपं जाईल ना?

बहुतेक नाही, आणि इथेच पुष्कळ जण फसतात. .३८० चं काडतूस सौम्य आहे हे खरं, पण त्यातल्या बऱ्याच छोट्या पिस्तुलांत नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकवलेली नसतात. गोळी बाहेर पडेपर्यंत स्लाइडला धरून ठेवायचं काम तिचं वजन आणि स्प्रिंग यांच्यावर पडतं. म्हणून स्प्रिंग कडक. त्यापेक्षा ९ मिलिमीटरच्या मोठ्या पिस्तुलाची स्लाइड पुष्कळदा सोपी जाते. वृद्धांसाठी मुद्दाम मऊ स्प्रिंगची .३८० पिस्तुलंही निघाली आहेत. २०१८ मध्ये आलेलं स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझी त्यातलं एक.

पण आधी पद्धत तपासा. आई स्लाइड चिमटीत धरून ओढत असणार, सगळे तसंच करतात. पिस्तूल छातीजवळ आणायचं, नळी समोर सुरक्षित दिशेला. डाव्या हाताचा पंजा स्लाइडवर वरून टाकून मुठीत घट्ट धरायचा आणि उजव्या हाताने पिस्तूल पुढे ढकलायचं. ओढायचं नाही, ढकलायचं. माझ्याकडे आलेल्या, ‘जमत नाही’ म्हणणाऱ्या दहांपैकी सात-आठ जणींना एवढ्यानेच जमलं. नाहीच जमलं तर जड रिव्हॉल्व्हरचा विचार करता येईल, पण त्या पाच किलोच्या चापाला तिचं बोट पुरं पडतंय का, हे आधी बघा.

आणि आईला हे हवंय का, की तुम्हाला हवंय? तेही एकदा विचारा.

सेफ्टीचा खटका असलेलं घ्यावं की नसलेलं?

दोन्ही चालतं. खटका असेल तर प्रत्येक सरावात, दरवेळी, अंगठ्याने तो खाली करायची सवय लागली पाहिजे, नाहीतर नेमक्या वेळी चाप दाबत बसाल. नसेल तर चाप पूर्ण झाकणारं, ताठ होल्स्टर (पिस्तुलाचं म्यान) हवंच हवं. पर्समध्ये पिस्तूल मोकळं टाकायचं नाही. किल्ली किंवा पेन चापाच्या कड्यात शिरायला वेळ लागत नाही.

रात्री उशाखाली ठेवलं तर चालेल? घरात सात वर्षांचा मुलगा आहे, पण त्याला कुठे आहे ते माहीत नाही.

नाही चालणार. आणि त्याला माहीत आहे. मुलांना घरातली प्रत्येक लपवलेली वस्तू माहीत असते. चाप कडक असला तरी लहान मूल तो दोन्ही अंगठ्यांनी दाबतं, आणि तसं करताना नळी त्याच्याच तोंडाकडे असते. पिस्तुलाच्या आधी पेटी घ्या: भिंतीला किंवा पलंगाला बोल्टने पक्की केलेली, बटणांचा आकडा लावून उघडणारी. अंधारात, डोळे मिटून ती उघडायचा सराव करा. चार-पाच सेकंदांत उघडते.

पेटीबद्दल लिहिलंच आहे तर स्वतःची गोष्टही सांगते. शिकवायला लागून अकरा वर्षं झाली होती तेव्हाची. पिस्तूल साफ करायचं होतं, तेवढ्यात फोन वाजला. बोलता बोलता मी आधी स्लाइड ओढली, चेंबरमधली, म्हणजे नळीच्या मागच्या टोकात झाडायला तयार असलेली, गोळी उडून बाहेर पडली, मग मॅगझिन काढलं. क्रम उलटा! स्लाइड परत जाताना मॅगझिनमधली पुढची गोळी चेंबरमध्ये घेऊन गेली होती. काही पिस्तुलं खोलण्याआधी चाप दाबावा लागतो. मी दाबला. पुस्तकांचं कपाट आणि मागची भिंत, एवढ्यावर निभावलं, कारण निदान नळी माणसांकडे नव्हती. आधी मॅगझिन, मग स्लाइड, मग डोळ्यांनी बघायचं, मग करंगळी घालून चाचपायचं. आणि फोन दुसऱ्या खोलीत. ते भोक मी अजून बुजवलेलं नाही.

आणखी एक गोष्ट कोणी विचारलेली नाही, तरी लिहिते. कॅलिफोर्नियातल्या अडीच कोटींहून जास्त प्रौढांचा एक अभ्यास २०२० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. पिस्तूल घेतलेल्या पुरुषांमध्ये स्वतःवर गोळी झाडून मरण्याचं प्रमाण इतरांच्या जवळजवळ आठपट निघालं, बायकांमध्ये पस्तीसपट. चोर घरात शिरण्याची भीती सगळ्यांना असते, या आकड्याची कोणाला नसते. घरात कोणाचं मन फार खचलेलं असेल, तुमचं स्वतःचंही, तर या वर्षी घेऊ नका. आधीच घरात असेल तर कायद्याला धरून दुसरीकडे जमा करा, आणि त्या माणसाला डॉक्टरांकडे न्या.

ताई, तुम्ही स्वतः हल्ली काय ठेवता?

वीस वर्षं ९ मिलिमीटरचं पिस्तूल होतं. तीन वर्षांपूर्वी डाव्या अंगठ्याच्या मुळाचा सांधा धरला. स्लाइड धरली की कळ थेट कोपरापर्यंत जायची. वर सांगितलेली सगळी युक्ती करून पाहिली, नाही जमलं. उजवी तर्जनी मात्र अजून ठणठणीत आहे. म्हणून मी रिव्हॉल्व्हरकडे परत आले. चार इंची नळी, पोलादी, किलोभर वजन, सहा गोळ्या. पर्समध्ये मावत नाही.