ट्विटरमधला ‘शूं’ घालवायला डिजिटल क्रॉसओव्हरचे ऑपॅम्प बदलावेत का?

नका बदलू. निदान आत्ता तरी नको.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: एका डॉल्बीवाल्याकडून बेहरिंगरचा जुना डीसीएक्स२४९६ हा डिजिटल क्रॉसओव्हर (गाण्यातले खर्ज, मधले आणि तीव्र स्वर वेगळे करणारा खोका) घेतलात, घरच्या तीन-वे स्पीकरमधलं हेच काम करणारं कॉइल-कंडेन्सरचं जाळं काढून टाकलं, प्रत्येक ड्रायव्हरला (खर्जाचा वूफर, मधला मिडरेंज, तीव्र स्वरांचा ट्विटर) वेगळा अ‍ॅम्प दिला. आवाज मोकळा झाला, पण गाणं थांबलं की ट्विटरमधून सतत शूंऽऽ ऐकू येतं. ‘आउटपुटचे ऑपॅम्प, म्हणजे सिग्नल हाताळणाऱ्या छोट्या चिप, बदला’ असं कुणीतरी सुचवलं, म्हणून कोणते टाकू असं विचारताय.

मी हेच सगळं करून बसलोय, ऑपॅम्पसकट. म्हणून सांगतो, आधी सोल्डरिंग आयर्न बाजूला ठेवा आणि शूं नक्की कुठून येतंय ते शोधा. ट्विटरचा अ‍ॅम्प बंद करा, मागची एक्सएलआर (तीन पिनांची) केबल काढा, तिथे पिन २ आणि ३ पिन १ ला जोडलेला एक रिकामा प्लग लावा, मग अ‍ॅम्प चालू करून ट्विटरला कान लावा. नुसती केबल काढून इनपुट उघडं ठेवू नका, ते हवेतली गुणगुण ओढतं आणि तुम्ही भलत्याच मागे लागता. शांत झालं तर अ‍ॅम्प निर्दोष, शूं क्रॉसओव्हरकडून येतंय. दहातल्या नऊ वेळा हेच निघतं, आणि तरीही त्यात क्रॉसओव्हरचा दोष नसतो.

हा खोका स्टेजसाठी बनवलाय. त्याचं आउटपुट जास्तीत जास्त +२२ डीबीयू, म्हणजे सुमारे ९.८ व्होल्टपर्यंत जातं. आता घरचा अ‍ॅम्प घ्या. २६ डीबी गेन म्हणजे २० पट. ८ ओहमला १०० वॅट द्यायला त्याच्या आउटपुटवर २८ व्होल्ट लागतात, म्हणजे इनपुटला फक्त १.४. उरलेली १७ डीबीची उंची तुम्ही कधी वापरतच नाही. पण खोक्याच्या आउटपुटवरचा स्वतःचा बारीक नॉइज मात्र पूर्णच्या पूर्ण अ‍ॅम्पमध्ये शिरतो आणि २० पट होऊन ट्विटरवर येतो. पूर्वी मध्ये पॅसिव्ह क्रॉसओव्हरचे रेझिस्टर होते, ते ट्विटरला थोडं दाबून ठेवायचे. आता तेही गेले.

यावर उपाय १८ रेझिस्टरचा आहे. सहा आउटपुट, प्रत्येकी तीन. पिन २ च्या वाटेत दीड किलो-ओहम, पिन ३ च्या वाटेत दीड किलो-ओहम, आणि अ‍ॅम्पच्या बाजूला २ आणि ३ च्या मध्ये ६२० ओहम. पिन १ सरळ. याने साधारण १५ डीबी कमी होतात, सिग्नल आणि नॉइज दोन्ही, आणि सिग्नल तुम्ही खोक्यातून परत वाढवू शकता, कारण जागा भरपूर आहे. पाव वॅटचे, एक टक्क्याचे मेटल फिल्म घ्या. पुण्यात असाल तर तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला. एक्सएलआर प्लगच्या पोटात तिन्ही मावतात, फक्त पायांना स्लीव्ह घाला. आणि ते अ‍ॅम्पकडच्या प्लगमध्येच बसवा, क्रॉसओव्हरकडच्या नाही. म्हणजे लांब केबलमधून मोठा सिग्नल जातो आणि वाटेत चिकटलेला कचराही शेवटी १५ डीबीने दाबला जातो. अ‍ॅम्पला आरसीए (सीडी प्लेअरला असतं तसं दोन तारांचं सॉकेट) असेल तर वाटेत ३ किलो-ओहम आणि गाभा (मधली तार) व जाळी (बाहेरचं आवरण) यांच्या मध्ये ६२०. पिन ३ चं काय करायचं ते मॅन्युअलमधल्या आकृतीप्रमाणे.

मी हे केलं त्या रात्री बायको आतून म्हणाली, “बंद केलंस का? झोपतोयस ना आता?” सिस्टिम चालूच होती.

इनपुटकडेही अशीच गळती आहे. सीडी प्लेअर किंवा डॅकचे (आकड्यांचा सिग्नल करणाऱ्या डब्याचे) २ व्होल्ट म्हणजे ८ डीबीयू, आणि इनपुटची कमाल २२. तिथेही १४ डीबी रिकामे. मेनूतला इनपुट गेन वाढवून हे भरून निघत नाही, कारण तो एडीसीच्या (सिग्नलचे आकडे करणाऱ्या चिपच्या) नंतर, नुसत्या आकड्यांत वाढतो. सोबत नॉइजही वाढतो. म्हणून शक्य असेल तर एडीसीला वळसाच घाला. ‘ए’ नावाचं इनपुट एईएस/ईबीयू हा डिजिटल सिग्नलही घेतं आणि त्या एकाच सॉकेटमधून डावा-उजवा दोन्ही चॅनल आत येतात. मी कॉम्प्युटरवरून तसंच देतो आणि आवाज कॉम्प्युटरवरच कमी-जास्त करतो. डिजिटल व्हॉल्यूम बिट खातो म्हणून लोक नाक मुरडतात, पण २४ बिटमध्ये आणि पुढे ते रेझिस्टर असताना त्याची काळजी मी करत नाही. सहा चॅनलचा पोटेन्शिओमीटर शेवटी लावणारेही आहेत. सहाही ट्रॅक सारखे चालणारा भाग महाग पडतो, आणि स्वस्तातला घेतलात तर हळू आवाजात डावं-उजवं हलतं.

आता ऑपॅम्पचं. मी बदलले होते. तीन संध्याकाळी गेल्या, एका ठिकाणी बोर्डावरचा तांब्याचा पॅड उचलला गेला, तो बारीक तारेने जोडत बसलो. आठवडाभर वाटत राहिलं की काय सुंदर उघडलाय आवाज! मग लक्षात आलं, एकच बाजू बदलून झालीय, दुसरी जुनीच आहे. मोनो गाणं लावलं, भाच्याला बॅलन्सचं बटण दिलं आणि मी पाठ करून बसलो. वीस वेळा विचारलं, अकरा वेळा बरोबर. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच आलं असतं. दुसरी बाजू मी अजून बदललेली नाही.

खोका उघडायचाच असेल तर पॉवर सप्लायसाठी उघडा. ट्रकमध्ये, उन्हात, रॅकच्या कोंडलेल्या हवेत वर्षानुवर्षं चाललेल्या कुठल्याही यंत्रातले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर सुकलेले असू शकतात. तापमान १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य निम्मं होतं असा ढोबळ हिशेब आहे. फुगलेलं डोकं दिसलं तर बदला. तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, तेवढ्याच किंवा थोड्या जास्त व्होल्टेजचा, १०५ अंशांचा, कमी ईएसआरचा (आतल्या रोधाचा). आतल्या कनेक्टरमधली धूळ आयसोप्रोपिलने पुसा. फक्त एक: सप्लायच्या मेन्सच्या, म्हणजे भिंतीतल्या विजेच्या, बाजूच्या मोठ्या कंडेन्सरवर सव्वातीनशे व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ राहतात. मल्टिमीटर लावून शून्य दिसल्याशिवाय बोट घालू नका. या बाजूची सवय नसेल तर टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे न्या, त्याचा रोजचा उद्योग आहे.

तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या वर्णनात ट्विटरच्या वाटेत कंडेन्सर दिसला नाही. आजच लावा. अ‍ॅक्टिव्ह झाल्यावर ट्विटर आणि अ‍ॅम्पमध्ये काहीच उरत नाही. अ‍ॅम्प बिघडून डीसी आला किंवा चालू करताना धप्प झालं, तर सगळं त्या केसाएवढ्या तारेच्या कॉइलवर. ८ ओहमच्या ट्विटरला ३३ मायक्रोफॅरडचा फिल्म कंडेन्सर सुमारे ६०० हर्ट्झच्या खालचं अडवतो. तुमचा कट (मिड संपून ट्विटर सुरू होतो ती जागा) २५०० हर्ट्झला आहे, तिथे त्याने फेज (तरंगाची वेळ) तेरा-चौदा अंश हलते, आणि मोजमाप कंडेन्सरसकट घेतलंत तर तीही हिशेबात येते. माझा पहिला ट्विटर मी कंडेन्सरशिवाय घालवला. सफाईसाठी केबल काढल्या, परत लावताना २ आणि ३ नंबरच्या आउटपुटची अदलाबदल झाली, आणि मिडरेंजचं सगळं ओझं ट्विटरवर गेलं. एकदा ‘टप्’ झालं, मग जळक्या वार्निशचा वास. आता प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना रंगीत टेप आहे: वूफर काळा, मिड पिवळा, ट्विटर लाल. शिवाय चालू करताना आधी क्रॉसओव्हर, मग अ‍ॅम्प; बंद करताना आधी अ‍ॅम्प.

शूं गेल्यावर खरं काम सुरू होतं, आणि ते मेनूत नाही, मोजण्यात आहे. पडद्यावर ‘लिंकविट्झ-रायली २४ डीबी’ हा उतार (कटपलीकडचे स्वर किती झपाट्याने दाबायचे ते) निवडला म्हणजे स्पीकरमधून तेच बाहेर पडतं असा समज मलाही होता. झिगफ्रीड लिंकविट्झ आणि रस रायली या ह्यूलेट-पॅकार्डमधल्या दोन इंजिनिअरांनी १९७६ मध्ये मांडलेली ही रचना सुंदर आहे: कटच्या जागी दोन्ही बाजू ६ डीबी खाली, फेज एकसारखी, बेरीज सपाट. पण ती हवेतल्या आवाजाला लागू व्हायला हवी. खालच्या स्वरांत ट्विटरचा आवाज स्वतःच उतरत असतो, त्यावर तुम्ही २४ डीबीचा उतार चढवला की कानाशी भलताच उतार पोहोचतो. काही वेळा १२ डीबीचा बटरवर्थ (दुसऱ्या जातीचा उतार) आणि एखादा ईक्यू (ठरावीक स्वर वर-खाली करणं) दिला की हवेत नेमका २४ चा लिंकविट्झ-रायली मिळतो. हे कळायला माइकच हवा. आरईडब्ल्यू हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, यूएसबीवर चालणारा कॅलिब्रेटेड मापन-माइक एकदा विकत घ्या. ऑपॅम्पला ठेवलेले पैसे तिकडे वळवा.

खोलीत मोजाल तर फरशीवरून परतलेला आवाज गोंधळ घालतो. स्पीकर आणि माइक दोन्ही जमिनीपासून १ मीटर, मध्ये अंतर १ मीटर, तर तो परतीचा आवाज साधारण ३.६ मिलिसेकंदांनी येतो. मोजमापातला त्याआधीचा तेवढाच काळ (‘खिडकी’) कापून घेतला तर २८० हर्ट्झच्या खालचं वाचन विश्वासाचं नाही. तेच २ मीटर उंचीवर नेलं की खिडकी ९ मिलिसेकंदांची होते आणि ११० हर्ट्झपर्यंत उतरता येतं. मी गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या शिडीला फळी बांधून स्पीकर चढवला होता, पहाटे सहाला, वारा पडलेला असताना. पहिल्याच स्वीपमध्ये (खालपासून वरपर्यंत सरकणाऱ्या चाचणीच्या सुरात) खालच्या मजल्यावरच्या कुकरची शिट्टी आली आणि आलेखात सुई उभी राहिली. ती मी ट्विटरचा दोष समजून पंधरा मिनिटं ईक्यूने कापत होतो.

डिलेही मापानेच. मिडरेंजचा शंकू आत असतो, ट्विटरचा घुमट पुढे. फरक २५ मिलिमीटर असला तर २५०० हर्ट्झला, जिथे तरंगलांबी सुमारे १३७ मिलिमीटर आहे, तो ६६ अंशांचा होतो. ट्विटरला ०.०७३ मिलिसेकंदांचा उशीर दिला की भरून निघतो. पण टेपने मोजलेल्या आकड्यावर थांबू नका. ट्विटरची पोलॅरिटी (प्लस-मायनस) मेनूतून उलटी करा आणि स्वीप घ्या. कटच्या जागी खोल विहिरीसारखा खड्डा पडला पाहिजे, जितका खोल आणि दोन्हीकडून सारखा तितकं जमलेलं. डिले थोडा-थोडा हलवून खड्डा सर्वांत खोल करा, मग पोलॅरिटी सरळ. या एका चाचणीने जो फरक पडला, तो मला बाकी कुठल्याच फेरफाराने मिळाला नाही. गाणारीचा आवाज दोन ठिकाणांहून यायचा तो एका जागी आला.

आणि तरीही हात शिवशिवत असतील, तर दुसरा खोका मोडा. अ‍ॅनालॉग डिव्हायसेस कंपनीच्या, याच क्रॉसओव्हरच्या कामाला चालणाऱ्या एडीएयू१७०१ चिपचे छोटे बोर्ड मिळतात: दोन इनपुट, चार आउटपुट, सिग्मास्टुडिओ हे सॉफ्टवेअर फुकट. याचं इनपुट व्होल्टेज नाही, करंट घेतं. १०० मायक्रोअँप आरएमएसला पूर्ण भरतं. आत २ किलो-ओहम आहेत, बाहेर १८ लावले तर बरोबर २ व्होल्टला भरतं, म्हणजे सीडी प्लेअरला नेमकं. तुमच्या बोर्डवर ८ च्या आसपासचा रेझिस्टर दिसला तर तो १ व्होल्टलाच भरतो, मोठ्या भागांत आवाज फाटतो, आणि दोन रेझिस्टर बदलले की सुटतं. आउटपुट ०.९ व्होल्ट आहे. वर धरलेल्या अ‍ॅम्पला ते थोडं कमीच पडेल, पण शूं राहत नाही. प्रोग्रॅम कायमचा भरताना ईईप्रॉमचा (प्रोग्रॅम साठवणाऱ्या चिपचा) राइट-प्रोटेक्टचा जंपर बघा. तो विसरलात तर सगळं व्यवस्थित चालतं आणि लाइट गेले की रिकामं होतं. माझे दोन रविवार त्यातच गेले.

तुमच्या तीन-वेला एका बाजूला तीन आउटपुट लागतात, तेव्हा या बोर्डावर तुमचं भागणार नाही, दोन घ्यावे लागतील. आधी ते १८ रेझिस्टर लावा. त्यानंतरही शूं उरलं तर अ‍ॅम्पचं मॉडेल कळवा, गेन किती आहे ते पाहून ६२० च्या जागी काय बसवायचं ते सांगतो.