रसायनशास्त्रज्ञ अहमद झेवेल यांनी रेणूतला (अणूंना जोडणारा) बंध तुटताना खरंच फोटो काढले होते का?

शब्दशः फोटो नाहीत, पण बंध तुटत असताना रेणू कोणत्या क्षणी कुठल्या अवस्थेत आहे हे त्यांनी मोजून दाखवलं, आणि 1999 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना एकट्याला मिळालं ते याच कामासाठी. कॅलटेक या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेतल्या त्यांच्या प्रयोगात लेझरचा पहिला स्पंद (अतिशय छोटा झोत) अभिक्रिया सुरू करतो आणि काही फेमटोसेकंद उशिरा येणारा दुसरा स्पंद रेणूची अवस्था तपासतो. (फेमटोसेकंद म्हणजे सेकंदाचा 10 लाख अब्जावा भाग.) एवढासा उशीर साधायला दुसऱ्या स्पंदाचा मार्ग किंचित लांबवतात, प्रकाश 1 फेमटोसेकंदात जेमतेम 0.3 मायक्रोमीटर जातो, त्यामुळे आरसा जरासा सरकवला तरी पुरतं. उशीर बदलत मोजमापं घेतली की अभिक्रियेचा सगळा पट हाती येतो. आयोडीन सायनाइडचा बंध साधारण 200 फेमटोसेकंदांत तुटतो, हे 1987 मध्ये असंच कळलं. मला सोडियम आयोडाइडचा प्रयोग त्याहून सुंदर वाटतो: तिथे दोन अणू लगेच वेगळे होत नाहीत, जवळ-दूर झुलत राहतात आणि दर फेरीला थोडेच रेणू तुटतात. मात्र हे एकाच रेणूचं चित्र नव्हे. एकाच वेळी अभिक्रिया सुरू केलेल्या असंख्य रेणूंचा तो एकत्रित प्रकाशसंकेत असतो. अणूंमधलं अंतर त्यावरून गणिताने काढावं लागतं. रचना थेट दिसावी म्हणूनच झेवेल पुढे इलेक्ट्रॉनांच्या स्पंदांकडे वळले.