कमोडोर ६४ या जुन्या घरगुती संगणकातल्या सिड या आवाजाच्या चिपचं डिझाइन खरंच चांगलं होतं, की लोक तिच्या दोषांच्याच प्रेमात आहेत?

डिझाइन चांगलंच होतं आणि दोषही खरे होते. त्यातल्या काही दोषांवर लोकांचं प्रेम जडलं, सगळ्यांवर नाही.

आधी वेळ किती होता ते बघा. बॉब यानेस यांनी मॉस टेक्नॉलॉजी या कमोडोरच्याच चिप कंपनीत ६५८१ ही पहिली सिड चिप रचली ती १९८१ मध्ये, आणि जानेवारी १९८२ मध्ये लास वेगासच्या प्रदर्शनात अख्खा संगणक दाखवायचा होता. हाताशी जेमतेम काही महिने. एकाच ऑसिलेटरकडून (सूर निर्माण करणाऱ्या सर्किटकडून) आळीपाळीने पुष्कळ स्वर काढून घ्यायचे, ही सिंथेसायझरमधली रूढ रीत. तेवढी सवड नव्हती, म्हणून एक ऑसिलेटर रचून तोच तीनदा मांडला. तरीही प्रत्येक स्वराला १६ बिटांची वारंवारता, स्वतःचं एन्व्हलप (सूर कसा उठतो आणि कसा विरतो ते ठरवणारा भाग), वर तिघांत मिळून आवाजाचा पोत बदलणारा एक ॲनालॉग फिल्टर! १९८२ मध्येच आलेल्या झेडएक्स स्पेक्ट्रम या संगणकामध्ये नुसता एक बिटाचा बीपर होता.

घाई सगळ्यात जास्त दिसते ती फिल्टरमध्ये. दोन ६५८१ चिपांचे फिल्टर सारखे वागतील याची खात्री नाही. माझ्याकडच्या दोन बोर्डांवर एकच धून लावली, तर एकावर बेस मोकळा वाजतो आणि दुसऱ्यावर तोंडावर घोंगडी घेऊन गायल्यासारखा. संगीतकार आपल्या चिपवर कान लावून रचना करायचा आणि ऐकणाऱ्याच्या घरी ती वेगळीच वाजायची. पण त्या फिल्टरची खरखर कानाला गोड लागते, हेही तितकंच खरं.

आवाजाच्या पातळीचा दोष तर घरीच बघता येतो. मशीन चालू करा, एकही सूर लावू नका, फक्त ‘पोक ५४२९६,१५’ ही आवाजाची पातळी पूर्ण वाढवणारी आज्ञा टाइप करा. स्पीकरमधून टक्क असा खटका येतो. सगळं शांत असतानाही चिपच्या आत थोडा डीसी (स्थिर) व्होल्टेज शिल्लक असतो, आणि पातळी बदलली की तोही उडी मारतो. प्रोग्रामरांनी हीच पातळी सेकंदाला हजारो वेळा बदलून ड्रम आणि माणसाचं बोलणं वाजवलं, म्हणजे चौथा स्वर फुकटात मिळवला. पुढे ८५८० या सुधारित चिपमध्ये तो डीसी जवळजवळ गेला आणि जुन्या खेळांमधलं बोलणं पार पुटपुटल्यासारखं झालं.

एन्व्हलपची चूक मात्र निव्वळ चूक आहे. तिथला वेळ मोजणारा १५ बिटांचा काउंटर ‘ठरलेला आकडा आला का’ एवढंच तपासतो, ‘ओलांडला का’ हे तपासत नाही. मधेच लहान आकडा दिला आणि काउंटर त्याच्या पुढे गेलेला असला, तर थांबा हुकलेल्या प्रवाशासारखी ३२,७६८ ची पूर्ण फेरी मारावी लागते. सुमारे १ मेगाहर्ट्झला ते होतात ३३ मिलिसेकंद. तेवढ्यात सूर उशिरा उठतो, ठेका लंगडतो. म्हणून जाणकार मंडळी नवा सूर लावण्याआधी दोनेक फ्रेम (पडद्यावरचं चित्र दोनदा ताजं होईपर्यंत) जुना सूर बंद करून एन्व्हलपचे आकडे शून्यावर आणतात. या चुकीवर प्रेम करणारा मला अजून भेटलेला नाही, आणि ८५८० मध्ये फिल्टर सुधारला, खटका दबला, तरी ही तशीच राहिली.