साखर, बीपी आणि बिडीमुळे कान आणि तोल दोन्ही बिघडू शकतात का?

तुमचे वडील 62 वर्षांचे, जुना मधुमेह, बीपीची गोळी चालू, बिडी सुटत नाही. हल्ली टीव्हीचा आवाज वाढवतात आणि अधूनमधून चक्कर येते. घरचे म्हणतात वय झालं, शेजारी म्हणतात मानेचे मणके, आणि तुम्हाला शंका आहे ती साखरेची. मी ऑडिओलॉजिस्ट आहे, कानाच्या तपासण्या करते. औषध ठरवणं डॉक्टरांचं काम, एवढं धरून वाचा.

ऐकण्यापुरतं बोलायचं तर तुमची शंका रास्त आहे. आतल्या कानाला रक्त पुरवणारी धमनी एकच, तीही अगदी बारीक. ती तुंबली तर दुसरीकडून रक्त यायची सोय नाही. साखर, बीपी आणि बिडीचा धूर हृदयाच्या रक्तवाहिन्यांचं जे करतात, तेच इथेही करतात. अमेरिकेत 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मधुमेहींमध्ये ऐकू कमी येण्याचं प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट आढळलं होतं. आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. त्यामुळे साखर आटोक्यात आणून, बिडी सोडून उरलेलं ऐकणं जपता येतं, गेलेलं परत येत नाही.

पण सगळं साखरेच्या माथी मारण्याआधी वडिलांनी आयुष्यभर काम काय केलं ते सांगा. यंत्रमाग, प्रेस शॉप, जनरेटरची खोली? 85 डेसिबलला रोज आठ तास ही मर्यादा मानतात आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. 100 डेसिबलला जेमतेम 15 मिनिटं उरतात. इचलकरंजी-मालेगावकडच्या मागावर उमेदीची वर्षं घालवलेली माणसं बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघून ऐकतात, आणि आपल्याला कमी ऐकू येतं हे त्यांना पटतच नाही. (तुम्ही स्वतः ढोलपथकात असाल तर कापसाचे बोळे विसरा, ते जवळपास निरुपयोगी. फोमचे इअरप्लग घ्या.) पूर्वी कधी टीबीची इंजेक्शनं झाली होती का, हेही विचारा. स्ट्रेप्टोमायसिन तोलाची यंत्रणा बिघडवू शकतं, कॅनामायसिन आणि अमिकासिन ऐकणं.

चक्कर मात्र वेगळं प्रकरण आहे. ‘चक्कर येते’ एवढ्यावरून काहीच कळत नाही. कधी येते, ते नीट बघा.

अंथरुणात कूस बदलताना घर गरगरतं आणि मिनिटभरात थांबतं? मग बहुधा कानातले कॅल्शियमचे बारीक कण जागा सोडून तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नळीत शिरलेत. त्यावर एप्ली नावाची क्रिया आहे. डोकं ठरावीक क्रमाने वळवायचं, काही मिनिटांचं काम. अनेकांना पहिल्याच वेळी उतार पडतो. ड जीवनसत्त्व कमी असेल तर हा त्रास पुन्हा पुन्हा होऊ शकतो, तेव्हा तेही तपासून घ्या.

उठून उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर बीपी आडवं आणि उभं असं दोन्ही मोजायला सांगा. गोळीचा डोस किंवा वेळ बदलावी लागू शकते, पण ती स्वतःहून बंद करू नका. आणि गरगरत नाही, नुसता झोक जातो, तोही अंधारात किंवा डोळे मिटून तोंड धुताना, असं असेल तर पाय तपासा. तोल सांभाळतात डोळे, कान आणि तळव्यांची जाणीव. मधुमेहात तळवे बधिर होऊ शकतात. रात्री बाथरूमचा दिवा चालू ठेवा.

मणक्यांबद्दल स्पष्ट सांगते. साठीनंतर एक्स-रे काढला की मानेची झीज बहुतेकांत दिसतेच. ती दिसली म्हणजे चक्करीचं कारण सापडलं असं होत नाही. तरी गळ्यात पट्टा घालून फिरणारे येतच राहतात.

त्याहून वाईट म्हणजे महिनोन्‌महिने चालणारी चक्करीची गोळी. प्रोक्लोरपेराझिन किंवा सिनारिझिन चार दिवसांसाठी ठीक. फार काळ घेतली तर मेंदू नवा तोल शिकायला उशीर लावतो, आणि वयस्कर माणसांत पार्किन्सनसारखा कंप, ताठरपणा येऊ शकतो. वडिलांच्या डब्यात यातली एखादी असेल तर किती दिवसांपासून आहे ते डॉक्टरांना सांगा.

आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवून प्युअर टोन ऑडिओमेट्री, म्हणजे किती ऐकू येतं ते मोजणारी तपासणी, करून घ्या. एका कानाचं ऐकणं अचानक गेलं तर मळ असेल म्हणून तेल घालत बसू नका, त्याच दिवशी जा. त्यावरचे स्टेरॉइड लवकर सुरू झाले तरच उपयोग होण्याची शक्यता जास्त. चक्करीसोबत बोलणं अडखळलं, एकाचे दोन दिसू लागले किंवा हात किंवा पाय लुळा पडला, तर कानाकडे न जाता थेट मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या.