विमान 'बेपत्ता' की 'गायब'?

विट्याच्या एका शिक्षिकेनं विचारलंय : समुद्रावर छोटं विमान दिसेनासं झालं की वर्तमानपत्र 'बेपत्ता' म्हणतं, चॅनेल 'गायब' म्हणतं आणि हल्ली 'लापता'ही कानावर येतं. बरोबर कोणतं?

पहिले दोन्ही बरोबर, पण आपापल्या जागी. 'गायब'ला 'कुठून' हे लागतं : डोळ्यांपुढून, पडद्यावरून. 'बेपत्ता'ला ते लागत नाही, त्याला 'कधीपासून' लागतं. 8 जून 2015च्या रात्री तटरक्षक दलाचं डॉर्नियर विमान तमिळनाडूच्या किनाऱ्याजवळ रडारवरून गायब झालं. जुलैत समुद्राच्या तळाशी सापडेपर्यंत ते बेपत्ता होतं. इतकं सरळ असताना बातमीदार रोज 'रहस्यमयरीत्या गायब' का ठोकतात? रहस्य त्या शब्दात आधीच आहे, आणि जास्त सुंदर आहे.

अरबी 'गैब' म्हणजे नजरेपलीकडचं, न दिसणारं. नष्ट झालेलं नव्हे! आपल्याकडचा 'गैबी' त्यातलाच. कागलच्या गैबी पिराचा उरूस आपल्या भागात कुणाला ठाऊक नाही? आणि अरबी व्याकरणात तर तृतीय पुरुषालाच 'गायब' म्हणतात. बोलणारा तो मुतकल्लिम, ज्याच्याशी बोलायचं तो मुखातब आणि समोर नसताना ज्याच्याविषयी बोलणं चाललंय तो गायब. मार्केट यार्डात "काय रं, कुठं गायब हुतास?" असं कुणी विचारतं, तेव्हा नेमका हाच अर्थ असतो. तू नव्हतास, पण तुझा विषय होता.

2 जुलै 1937ची गोष्ट घ्या. अमेरिकन वैमानिक अमेलिया इअरहार्ट आणि तिचा दिशादर्शक फ्रेड नूनन न्यू गिनीतल्या ले इथून निघून पॅसिफिकमधल्या हाउलंड या चिमुकल्या बेटाकडे चालले होते. बेटापाशी 'इटास्का' हे तटरक्षक जहाज थांबलेलं. रेडिओवर तिचा आवाज खणखणीत येत होता : आम्ही तुमच्या डोक्यावरच असायला हवं, पण तुम्ही दिसत नाही, इंधन संपत आलंय. जहाजावरची माणसं आभाळ धुंडाळत होती आणि विमान कुठंच दिसत नव्हतं. 'गैबी आवाज' याहून वेगळा काय असतो? माझं ठाम मत आहे, त्या सकाळचं वर्णन करायला मराठीत दुसरा शब्दच नाही.

भाषाशुद्धीवाले इथं 'लुप्त' सुचवतात, गायब परका म्हणून. त्यांनी आधी पाणिनी उघडावा. "अदर्शनं लोपः" : लोप म्हणजे न दिसणं. अरबी गैबनं वेगळं काय सांगितलं? अर्थ तोच मिळणार असेल तर शेकडो वर्षं तोंडात रुळलेला शब्द हाकलायचा कशाला? आणि 'पत्ता म्हणजे घराचा नंबर, विमानाला तो कुठला' म्हणत 'बेपत्ता' खोडणाऱ्यांनी 'थांगपत्ता' हा शब्द कधी ऐकलाच नाही की काय? इथं पत्ता म्हणजे माग, खबर. हवाई दलाचं एएन-32 हे विमान 22 जुलै 2016ला बंगालच्या उपसागरावर 29 जणांसह दिसेनासं झालं. त्याचे अवशेष सुमारे 3400 मीटर खोल पाण्यात असल्याचं जानेवारी 2024मध्ये जाहीर झालं. साडेसात वर्षं ते बेपत्ता होतं, हे म्हणायला कुणाची हरकत असावी?

राहिलं 'लापता'. 'ला' हा अरबी नकार, 'बे' हा फारसी. हिंदी 'लावारिस' म्हणते तिथं आपण 'बेवारस' म्हणतो. तसंच 'लापता'च्या जागी 'बेपत्ता'.